किल्ली समोरच्या घरात

"तुझ्या त्या ठिपक्यावर एक बाई राहती," आई म्हणाली आणि तव्यावरची भाकरी उलटायला वळली.

धम्मप्रिया चहाचा कप घेऊन ओट्याला टेकली होती. तिला आधी वाटलं, आई गंमत करते आहे. आईची, म्हणजे चांगुणाबाईंची, गंमत अशीच असायची, कोरडी आणि पाठमोरी. पण मग धम्मप्रियाची नजर उगाचच गॅलरीतल्या दोरीकडे गेली. तिथे आईची निळी इरकल वाळत होती. बाहेर जायची साडी. ती साडी आई एका नेसण्यात कधी धूत नसे. वाऱ्यावर टाकायची, झटकायची, घडी करून परत ठेवायची. ही धुतलेली होती. शेजारी परकर होता. दोन्ही वाळून कडक झाले होते, म्हणजे कालच कधीतरी पिळून टाकलेले. धम्मप्रियाने साडीकडे पाहिलं, कपातल्या चहाकडे पाहिलं आणि तिला सगळं कळलं. कळल्यावर पहिल्यांदा आला तो राग. दया नाही, वाईट वाटणं नाही. सरळ राग, आणि तो कुणावर काढायचा ते ठरत नव्हतं.

"कधी गेलीस?"

"काल. तू हापिसात होतीस."

"एकटी?"

"मग काय वरात घेऊन जाऊ?"

"आणि?"

"आणि काय. तू म्हणालीस तसं पाणी पिऊन निघाले. शुक्रवार पेठेत पोचल्यावर ठिपका बघत बघत गेले. दार होतं. वाजवलं. बाई आली. कोण पाहिजे म्हणाली. मी म्हटलं, कुणी नाही. आले परत."

आईने भाकरी विस्तवावर धरली, ती टम्म फुगली, तिने ती टोपल्यात टाकली. रिक्षा कुठे मिळाली, घरी यायला किती वेळ लागला, विजापूर रोडच्या सिग्नलला रिक्षा किती थांबली, यातलं धम्मप्रियाने काही विचारलं नाही. आईनेही सांगितलं नाही. दोघींच्या मध्ये ती साडी दोरीवर हलत राहिली.

'आडोसा' हे नाव धम्मप्रियाचंच. ती दिवसा दुसऱ्यांची सॉफ्टवेअर तपासायची आणि संध्याकाळी, ऑफिसातल्या अभिमन्यूबरोबर, स्वतःचं हे ॲप बांधायची. शहराचा नकाशा, आणि त्यावर लोकांनीच टाकायचे ठिपके: इथे स्वच्छतागृह आहे, इथे प्यायच्या पाण्याचा नळ, इथे बसायला कट्टा, इथे सावली. एकाने ठिपका टाकायचा, तिघांनी खरं आहे म्हणायचं, की ठिपका हिरवा. प्रत्येक ठिपक्याला दोनच अवस्था, चालू किंवा बंद. अभिमन्यू सगळ्यांना सांगायचा की हे आम्ही सोलापूरसाठी करतोय. धम्मप्रिया मान हलवायची. खरं म्हणजे ते एक भांडण होतं, आणि ते तिच्या आईशी होतं. आई अंगणवाडीच्या नोकरीत असेपर्यंत, म्हणजे धम्मप्रियाला आठवतं तेव्हापासून, सकाळी अर्धा कप चहा घेऊन बाहेर पडायची आणि संध्याकाळी घरी येईपर्यंत तोंडात पाण्याचा थेंब घ्यायची नाही. संध्याकाळी तिचे ओठ पांढरे असायचे. लहानपणी धम्मप्रियाला वाटायचं, मोठ्या बायकांचे ओठ तसेच असतात. गेल्या थंडीत मूत्रमार्गाचा संसर्ग झाला, ताप डोक्यात गेला, हुडहुडीने खाट वाजायला लागली, दवाखान्यात ठेवावं लागलं. तरुण डॉक्टर म्हणाला, आजी, भरपूर पाणी प्यायचं हं. आईने त्याच्याकडे, अंगणवाडीतल्या एखाद्या पोराने कविता म्हणून दाखवावी तसं, कौतुकाने पाहिलं. आणि घरी आल्यावर तिने प्रश्न तिच्या पद्धतीने सोडवला. पाणी प्यायला लागली आणि बाहेर जायचं बंद केलं. मंगळवारचा बाजार गेला, पौर्णिमेला विहारात जाणं गेलं, शुक्रवार पेठेत ब्लाउज शिवून देणारी तिची मैत्रीण होती, ती फोनवर आली. पाणी आणि शहर यातलं एकच मिळणार, हा हिशेब आईला अजिबात चुकीचा वाटत नव्हता. धम्मप्रियाने ओरडून पाहिलं, अबोला धरून पाहिला. शेवटी आई म्हणाली, "एक जागा दाखव मला. एकच. तांब्याभर पाणी पिऊन निघते." म्हणून गेल्या आठवड्यात तिने दाखवली. शिवणाऱ्या मैत्रिणीच्या दुकानाजवळ, हिरवा ठिपका, साडेचार तारे. खाली कुणी लिहिलं होतं: स्वच्छ आहे. पाणी आहे. कडी लागते. आईने ते 'कडी लागते' दोनदा वाचायला लावलं होतं.

धम्मप्रियाने अभिमन्यूला फोन लावला. तो आधी "काय सांगतेस!" म्हणाला, आणि त्या शब्दांतला आनंद ऐकूनच तिचं डोकं उठलं.

"अगं, म्हणजे एका घरानं आपणहून दार उघडलंय. बायकांसाठी. कळतंय का तुला हे काय आहे?"

"चूक आहे. सार्वजनिक जागेच्या जागी कुणाचं तरी घर दिसतंय."

"चूक कसली? साडेचार तारे आहेत! आपल्या अख्ख्या नकाशावर दुसरं कुणी तिनाच्या वर नाही. सोमवारी पैसे देणाऱ्या त्या कंपनीच्या लोकांसमोर हेच दाखवायचं. एक नवीन भागच करू आपण. 'यजमान'. ज्याला वाटेल त्यानं आपलं घर नोंदवायचं. माणुसकी, धम्मप्रिया. याला पैसे द्यायला कोण नाही म्हणेल?"

"माझी आई नाही म्हणेल."

"त्यांना काय अडचण आहे?"

तिने फोन ठेवला. अडचण काय आहे हे अभिमन्यूला सांगायचं, तर कुठून सुरुवात करायची? तो चांगला माणूस होता. हल्ली तिला सगळ्यात जास्त वैताग चांगल्या माणसांचाच यायचा. वाईट माणूस कुठे उभा आहे ते निदान दिसतं.

ठिपका टाकणाऱ्याचं नाव होतं रामहरी सर. निवृत्त चित्रकला शिक्षक, पहाटे फिरायला जाणारे, ॲपवर सगळ्यात जास्त ठिपके त्यांचे. रिक्षात बसल्यावर तिने त्यांना फोनवर विचारलं, सर, संडास सोडून तुम्ही ठिपका घरावर का टाकलात?

"संडास समोरच आहे की," सर म्हणाले. "पण त्याला कुलूप असतं."

"बरं."

"आणि किल्ली असते त्या घरातल्या नीलम्मांकडं. आता तुम्हीच सांगा मॅडम, ठिपका कुलपावर टाकू का किल्लीवर? माणूस कुलपापाशी जाऊन करणार काय?"

"पण सर, बाकी तिघांनी हे खरं आहे म्हणून कसं सांगितलं?"

"खरंच आहे ना ते. किल्ली कुठं असते ते त्या बोळात सगळ्यांना माहीत आहे."

सरांच्या बोलण्यात एकही चूक नव्हती, आणि म्हणूनच ते ऐकताना कानशिलं तापत होती. तिने दोन वर्षं खर्चून एक यंत्रणा उभी केली होती. त्या यंत्रणेत लोकांनी खोटं बोलू नये, दोनदा नोंद होऊ नये, दुकानदारांनी आपल्या जाहिराती घुसवू नयेत, या सगळ्याची सोय होती. पण कुलूप कुठे आणि किल्ली कुठे, हा प्रश्न तिला सुचलाच नव्हता. शहरातल्या कुठल्याही सार्वजनिक गोष्टीची किल्ली कुणाच्या तरी घरी असते, हे तिला ठाऊक होतं. समाजमंदिराची असते, बोअरच्या पंपाची असते, गणपतीच्या मंडपातल्या माइकची असते. ती याच शहरात वाढली होती. तरी नकाशा करताना ती दुसऱ्याच कुठल्या तरी शहराचा करत बसली.

रिक्षात तिने बाटलीतलं पाणी प्यायला सुरुवात केली. हा तिचा नियम होता. ठिपका तपासायला जायचं तर पोट पाण्याने भरून जायचं. नाहीतर आपण फक्त एक भिंत बघून येतो. एप्रिलचं ऊन रिक्षाच्या दोन्ही बाजूंनी आत येत होतं. रेक्झिनची सीट पोळत होती. या सीटवर काल आई बसली होती, किंवा अशाच दुसऱ्या एखाद्या सीटवर, पदर पुढे ओढून, मांड्या आवळून, ड्रायव्हरच्या आरशात न बघता. धम्मप्रियाने बाटली पुन्हा तोंडाला लावली.

बोळ अरुंद होता. ठिपका एका हिरव्या दारावर होता. समोर, हाकेच्याही अलीकडे, पांढऱ्या फरशीचं छोटं बांधकाम, त्याच्या दाराला पितळी कुलूप. तिने हिरवं दार वाजवलं. साठीची, कपाळाला भस्म लावलेली, चष्म्याला दोरी बांधलेली बाई आली.

"कोन पायजे?"

शब्द तसे साधेच होते. दारात अनोळखी माणूस उभं असलं की कुणीही हेच विचारेल. पण ते ऐकताच क्षणभर धम्मप्रियालाही म्हणावंसं वाटलं, कुणी नाही.

"मी त्या ॲपमधली. फोनवर बघून बायका येतात ना तुमच्याकडं, ते."

"अय्यो! तुमीच व्हय त्या! या, आत या. शिवलीला, बग गं, आपलं दार साऱ्या सोलापूरला दावलेली बाई आलीय."

आतून सुनेचा आवाज आला. "त्यान्ला इचारा, पान्याचा टँकर पन त्याच धाडतात का? नळाला चार दिवसांनी येतंय आमच्या."

"तिचं सोडा," नीलम्मा म्हणाल्या. "आदी बोळातल्या बायका किल्ली मागायच्या, बाजाराला आलेल्या मागायच्या. आता ह्या फोनवाल्या. दारात हुब्या राहत्यात. फोनकडं बगतात, माज्याकडं बगतात. मी म्हनते, कोन पायजे? तर फोन दावतात. आता फोन दावलेल्या बाईला न्हाय कसं म्हनायचं? लई अवगड झालंय."

"मग किल्ली देता?"

"किल्ली कशाला? तितं पानी कुटंय? आतच जा म्हनते. आमचं हाय की चांगलं."

तेवढ्यात आतल्या बाजूने, हातात बाजाराची पिशवी घेतलेली एक बाई पदराला हात पुसत बाहेर आली, "थँक्यू हं काकू" म्हणाली आणि चप्पल घालून निघून गेली. नीलम्मा आत गेल्या. धम्मप्रियाला बादली ओतल्याचा आवाज आला. भसकन, एकदम, पूर्ण बादली.

करकंबच्या पुढचं एक गाव. धम्मप्रिया लहान असताना आई तिथे अंगणवाडीत होती. सुट्टीत ती धम्मप्रियाला बरोबर न्यायची. दारोदार जाऊन पोरांची वजनं करायची. काटा आईच्या खांद्यावर आणि पोराला टांगायची कापडी झोळी धम्मप्रियाच्या हातात. एका मोठ्या घराच्या परसात नवा संडास झाला होता, त्या आळीतला पहिला. वजन करून झाल्यावर आईने त्या घरच्या बाईला हळूच विचारलं, जरा जाऊन येऊ का? बाई म्हणाली, जा की, त्यात काय. खरंच तसंच म्हणाली, हसून. आई जाऊन आली. दोघी निघाल्या, कुंपणापाशी पोचल्या, आणि मागून पाण्याचा आवाज आला. बादली ओतली. मग दुसरी. मग तिसरी. धम्मप्रिया म्हणाली, "आई, केवढी स्वच्छ बाई आहे ना ती." आई "हं" म्हणाली आणि काटा एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतला. या गोष्टीला काही वर्षं गेली. कॉलेजात असताना, हॉस्टेलचं बाथरूम धुताना, हातात मग असतानाच तिला तो आवाज अचानक कळला, आणि ती ओल्या फरशीवर तशीच बसून राहिली. स्वतःचं ते वाक्य तिला सगळ्यात जास्त लागलं. आईशी ती याविषयी कधी बोलली नाही. पण तिने एवढं पाहिलं होतं की आई त्यानंतर कुणाच्या उंबऱ्यात काही मागत नाही. पाणी नाही, पत्ता नाही, लेकरू झोपलं असेल तर सावलीसुद्धा नाही. जिथे कोण पाहिजे असं कुणी विचारत नाही, ती जागा आईच्या लेखी सार्वजनिक. बाकी सगळी घरं.

"भांड्याचं पानी हाय ते," नीलम्मा बाहेर येत म्हणाल्या, जणू तिने काही विचारलं होतं. "साठवून ठेवते मी. नळाचं कसं वतनार?"

त्यात काही नसेल. नसेलच. पाणीटंचाईच्या गावात कुणीही असंच करेल. तिने असंही स्वतःला सांगितलं की या बाईला माझं नाव, गाव, काही माहीत नाही. पण कान कुणाचं ऐकत नाहीत.

"काल एक बाई आली होती का? निळी साडी. वयस्कर."

"आली की! माज्याएवडीच. मी म्हनलं कोन पायजे, तर म्हनली, कोन न्हाय. आन वळली. मी वळकलं की तिला काय पायजे ते. मागनं हाक मारली, अवो बाई, जायचंय का म्हून. बोळाच्या तोंडापातुर गेले मी पायात चप्पल न घालता. तिनं मागं बगितलंच न्हाय." त्या थांबल्या. "तुमची कोन?"

"आई."

नीलम्मांनी चष्मा काढला, पदराने पुसला, परत लावला. "एक शबूद बोलायचा की मग तिनं."

"हो."

"मी काय खाल्लं असतं व्हय तिला?"

"नाही."

"तुमी तरी जाऊन या आदी. उनातनं आलाय. तोंड बगा कसं झालंय."

पोटात बाटलीभर पाणी होतं. ओटीपोटात कळ बसायला लागली होती. आत, चार पावलांवर, शहरातलं सगळ्यात चांगलं, साडेचार ताऱ्यांचं ठिकाण होतं, आणि ज्या बाईचं ते होतं ती आग्रह करत होती, मनापासून. "नको," धम्मप्रिया म्हणाली. ते इतकं पटकन आणि इतक्या आईच्या आवाजात आलं की ती स्वतःच दचकली. थंडीपासून ती आईला ज्या गोष्टीवरून हट्टी म्हणत होती, ती गोष्ट तिच्याच तोंडात बसली होती. "समोरचं बघायचंय मला. किल्ली देता?"

"तितं पानी न्हाय म्हनलं की!"

"माझ्याकडं आहे थोडं."

किल्ली एका जुन्या पळीला बांधलेली होती, हरवू नये म्हणून. कुलूप सहज उघडलं. आत ती समजत होती तितकी घाण नव्हती. एक फरशी फुटलेली, कोपऱ्यात जाळं, नळ फिरवला तर नुसती हवा. बाकी कोरडं, बंद खोलीला येतो तसा वास. तिने दार लावलं, कडी सरकवली. कडी लागली. त्या अंधाऱ्या, उबट चौकोनात तिला एकदम रडू येईल असं वाटलं, पण आलं ते हसू, कारण अंगातून पाणी जात होतं आणि बाहेर कुणी काही विचारत नव्हतं. बाटलीतलं उरलेलं पाणी तिने ओतलं.

बाहेर नीलम्मा कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. "कुलूप नीट लावा. उगडं ऱ्हायलं की बाप्ये येऊन घान करत्यात. मागं नुसतं गटार झालतं. आमी बायकांनी मिळून धुतलं आन मग कुलूप घातलं. हौस न्हाय आमाला किल्ल्या संबाळायची."

हेही बरोबर होतं. कुलूप बरोबर, किल्ली बरोबर, रामहरी सर बरोबर, पाण्यासाठी ओरडणारी सून बरोबर, अभिमन्यू त्याच्या जागी बरोबर. सगळे आपापल्या जागी बरोबर असताना एका म्हाताऱ्या बाईची साडी रिक्षात भिजते, आणि तक्रार करायला एकही चुकीचा माणूस सापडत नाही. धम्मप्रियाने हातातल्या कुलपाकडे पाहिलं. ते जड होतं, उन्हाने तापायला लागलं होतं. तिने ते पळीसकट पर्समध्ये टाकलं.

"अवो! कुलूप कुटं निगालं?"

"आईला दाखवून आणते."

"कुलूप काय दावायची वस्तू हाय?"

"काकू, एक दिवस उघडं राहू द्या."

नीलम्मांनी बोळाच्या तोंडाकडे बघितलं, जिथपर्यंत त्या काल चप्पल न घालता गेल्या होत्या. "सांजच्याला आना," त्या म्हणाल्या. "न्हायतर मी दुसरं लावनार. मग मला बोलायचं न्हाय."

परतीच्या रिक्षात तिने ठिपका घरावरून उचलला आणि समोर ठेवला. साडेचार तारे गेले, त्या बायकांनी लिहिलेलं सगळं गेलं. ॲपने विचारलं, चालू की बंद? रामहरी सरांच्या हिशेबाने ठिपका आता तिच्या पर्सवर असायला हवा होता, रिक्षाबरोबर सात रस्ता चौकाकडे सरकत. तिने 'चालू' दाबलं. ते खरं होतं, संध्याकाळपर्यंत. लगेच अभिमन्यूचा फोन आला.

"ते घर काढलंस? अगं, तारे होते!"

"ते त्या बाईंचे होते. आपले नव्हते."

"सोमवारी काय दाखवायचं मग?"

"उघडं दार. राहिलं तर."

घरी आई टीव्ही न लावता त्याच्यासमोर बसली होती. दोरीवरची साडी आता आत आली होती, घडी करून खुर्चीच्या पाठीवर. धम्मप्रियाने पर्स उघडून कुलूप टेबलावर ठेवलं. पळी वाजली.

"हे काय आणलंस?"

"तुझ्या ठिपक्याचं कुलूप."

आईने ते उचललं, वजन केल्यासारखं तळहातावर तोललं, किल्ली फिरवून पाहिली. "कुणाचं काढून आणलंस?"

"विचारून आणलंय. संडास समोरच होता, त्या घराच्या. आता उघडा आहे. आत कुणी राहत नाही."

"पाणी?"

"नाही."

"कडी?"

"लागते. मी लावून बघितली."

आईने कुलूप खाली ठेवलं. धम्मप्रियाला वाटलं, आता सांगावं की ती बाई तुझ्यामागे पळत आली होती. मग वाटलं, नको. हाक ऐकू आली असणार. आईला सगळं ऐकू येतं.

"दुसरं कुलूप लावतील ते," आई म्हणाली.

"संध्याकाळी."

"मग तो पाच लिटरचा कॅन भरून घे." आई उठली, खुर्चीवरची साडी अंगाला लावून तिने लांबी पाहिली, मग स्वयंपाकघरात गेली. माठातून तांब्या भरल्याचा आवाज आला. ती दारात आली ती तांब्या तोंडाला लावूनच, उभ्या उभ्या, मान मागे टाकून, आणि मध्ये एकदाही न थांबता तिने तो रिकामा केला.